इंग्रिडच्या डाव्या बाजूचं दार

पुंडलिक सुतारांनी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता. जन्म अळणावरजवळच्या खेड्यातला आणि सगळी नोकरी हुबळीत, गोकुळ रोडवरच्या एका फाउंड्रीत. पंपाचं असो की मोटारीचं, लोखंडी ओतकाम करायचं तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून साचा होतो आणि मग त्यात लोखंडाचा रस ओततात. हे लाकडी नमुने पुंडलिक करायचे. लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून नमुना नेहमी केसभर मोठा ठेवायचा. हे त्यांच्या हाताला इतकं मुरलेलं की घरचा पाटसुद्धा मापापेक्षा थोडा मोठाच व्हायचा.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी मुलगी पद्मा नोकरीसाठी स्वीडनला गेली. तिथून तिनं एक रंगीत पुस्तिका पाठवली. ती रोज ज्या बोटीनं कामाला जायची, त्या एकलुंड लाइन नावाच्या कंपनीची. दोघा भावांनी शंभरेक वर्षांपूर्वी एका आगबोटीवर धंदा सुरू केला. बेटावरचं दूध, बटाटे आणि माणसं किनाऱ्याला पोचवायची. पुढे मोटारी आल्या, तेव्हा तोंड उघडून मोटारी पोटात घेणारी बोट आली. मग नाचघर असलेली पांढरीशुभ्र ‘हेल्गा’ आली आणि अलीकडे बॅटरीवर चालणारी ‘आल्वा’. अशा एकूण नऊ बोटी.

पुंडलिकांनी ती पुस्तिका चार दिवस उशाशी ठेवली आणि पाचव्या दिवशी रंधा काढला.

पहिली लाकडी बोट झाली ‘आल्वा’. पद्मानं कंपनीकडून मागवून दिलेल्या आराखड्याशी मापं ताडली तर चांगली दोन सूत, म्हणजे पाव इंच, मोठी!

“अहो, ही काय वितळवून ओतायचीय?” त्यांच्या पत्नी पार्वतीबाई हसून म्हणाल्या.

“हात ऐकत नाही की!” म्हणत पुंडलिकांनी दुसरी करायला घेतली.

सहा वर्षांत आठ बोटी झाल्या. प्रत्येक बोट उणकलच्या तळ्यात तरंगवून पाहायची, हा नेम. ‘हेल्गा’ एका अंगाला कलली, तेव्हा तळ्यावर फिरायला आलेली माणसं कन्नडमध्ये सल्ले द्यायला लागली. पुंडलिकांनी ते सगळे ऐकून घेतले आणि तळाला शिसं ठोकलं.

उरली सगळ्यात जुनी, ती पहिली आगबोट ‘इंग्रिड’. तिचे आराखडे आगीत गेलेले. उजव्या बाजूचा एकच फोटो शिल्लक होता. महिनाभर भिंग लावून पाहिल्यावर त्यांनी बोट केली आणि डाव्या बाजूला, पाण्यालगत, एक रुंद दार ठेवलं.

पद्मानं नऊही बोटींचे फोटो कंपनीच्या संग्रहालयात दाखवले. तिथल्या बाईंनी आठ बोटींचं तोंडभर कौतुक केलं आणि नवव्या बोटीवर बोट ठेवलं.

“अप्पा,” पद्मा फोनवर म्हणाली, “त्या म्हणतात, या दाराची नोंद कुठेच नाही. तुम्ही मनानं काढलंत का?”

“मनानं कसं काढीन? फोटोत खालच्या मजल्याची खिडकी बघ. आत काय दिसतंय?”

“काळं-पांढरं काहीतरी आहे.”

“गाय आहे ती. शिंग बघ. आता उजव्या बाजूला माणसांची अरुंद शिडी सोडून दुसरी वाट नाही. गाय काय शिडी चढून गेली? मग दार डावीकडेच असणार की!”

पद्मा हसत सुटली. संग्रहालयाच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तो फोटो आणि पुंडलिकांची बोट तिथल्या वर्तमानपत्रात छापून विचारलं, कुणाला काही आठवतं का? तिसऱ्याच दिवशी बेटावरच्या एक्क्याण्णव वर्षांच्या एका आजींचं पत्र आलं. लहानपणी त्या स्वतः गाईचं दावं धरून त्याच दारातून आत जायच्या. डावीकडच्याच.

पार्वतीबाईंनी ही बातमी सगळ्या गल्लीला सांगितली. शेजारचे मधुकर मास्तर म्हणाले, “पुंडलिकअण्णा, स्वीडनचा इतिहास तुम्ही हुबळीत बसून दुरुस्त केलात!” पुंडलिक लाजून सगळ्यांसाठी कोपऱ्यावरून चुरमुऱ्यांचं गिरमिट आणायला निघून गेले.

कंपनीनं नवरा-बायको दोघांनाही प्रदर्शनाला बोलावलं. ‘इंग्रिड’ पेटीत घालून पुंडलिकांनी विमानात मांडीवर घेतली. संग्रहालयात त्या आजी चाकाच्या खुर्चीत बसून वाटच पाहत होत्या. त्यांनी बोट दोन्ही हातांत धरली, वळवली आणि दारावरून अंगठा फिरवला. पुंडलिकांना स्वीडिश येत नव्हतं आणि इंग्रजी बेताचं. आजीच तोंड वर करून गाईसारख्या लांब हंबरल्या. पुंडलिकांनी क्षणभर इकडंतिकडं पाहिलं आणि त्याहून मोठ्यानं हंबरून उत्तर दिलं. सगळी खोली हसली. आजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या हसतही होत्या.

दुसऱ्या दिवशी आजींना बेटावर पोचवायला सगळे खऱ्या ‘आल्वा’वर चढले. बोट किनाऱ्यापासून सुटली तशी पुंडलिकांनी कठडा घट्ट धरला. बॅटरीची बोट, पायाखाली जरासुद्धा थरथर नव्हती. चहूकडे नुसतं पाणी होतं, निळं, उन्हात चकाकणारं. वारा टोपी उडवू पाहत होता.

“भीती वाटते का हो?” पार्वतीबाईंनी विचारलं.

“भीती कसली! परतीच्या फेरीलाही इथंच कठड्याशी उभा राहणार मी.”

पार्वतीबाईंनी पिशवीतून शेंगाचटणीचा डबा काढला, ज्वारीची कडक भाकरी मोडली आणि पहिला तुकडा आजींच्या हातावर ठेवला. आजींनी तो कुर्रम् करून चावला, तिखटानं डोळे विस्फारले आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला.