मामांची टेप

माणसाचं अंग खऱ्या अर्थाने ओळखणारे जगात दोघेच. एक ते घडवणारा आणि दुसरे माझ्या बायकोचे मामा. आणि पहिल्याच्या कामातसुद्धा मामा चुका काढत. जालन्यात मस्तगड भागात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि अर्ध्या गावाच्या कमरा त्यांच्या मापाच्या वह्यांत होत्या. गळ्यातली टेप ते फक्त आंघोळीपुरती काढत असावेत, असा आम्हाला संशय होता. लग्नात नवरदेव घोड्यावरून आला की लोक त्याचा चेहरा पाहत, मामा कंबर पाहत आणि शेजारी जो असेल त्याला सांगत, "चौतीस. पोरगं बारीक दिसतंय, पण पोट बघा. दोन वर्षांत अडतीस." एकदा तो शेजारचा माणूस नवरदेवाचा बापच निघाला. मामांनी न कचरता त्याचीही कंबर सांगितली आणि वर 'घराण्यातच आहे' असा शेरा मारला.

रेडिमेड कपड्यांशी त्यांचं उघड वैर होतं. मॉलच्या काचेआडच्या पुतळ्यासमोर उभे राहून ते मोठ्यानं विचारत, "हा कोणत्या गावचा? परतूरचा का अंबडचा?" पुतळा खांद्यांत रुंद आणि पोटात सपाट असे. "साचा गोऱ्यांच्या अंगावर बेतायचा अन् विकायचा आपल्याला. मंग शर्ट खांद्यात लोंबतो अन् पोटावर गुंडी ताणते. आपलं अंग हातापायानं काडी अन् पोटानं माठ. त्यात लाज कसली?" इथवर ठीक होतं. पण मामांनी हाच नियम पुढे पथ्यपाण्याला लावला. एका जिममधल्या ट्रेनरची पँट पोचवायला ते गेले होते. तिथे भिंतीवर उंचीनुसार वजनाचा तक्ता, त्याखाली ओट्स आणि उकडलेल्या कोंबडीचा आहार, आणि शेजारी एका गोऱ्या पैलवानाचं चित्र. मामांनी विचारलं, "हे कोणाच्या अंगावर बेतलंय?" ट्रेनर म्हणाला, "काका, सायन्स आहे हे. सायन्सला जात, वंश काही नसतं." मामा म्हणाले, "सायन्सला नसंल, बाबा. पण माप ज्याचं घेतलं, कपडा त्यालाच येतो का न्हाई?" तिथेच घालून पाहिलेली पँट इतकी फिट बसली होती की ट्रेनरला नीट चिडताही आलं नाही.

मी या सगळ्याला मनापासून हसायचो. मी साधा कचेरीतला माणूस. आमच्या ऑफिसच्या आरोग्य शिबिरात दरवर्षी माझं वजन तक्त्यात बरोबर बसायचं आणि मी ऐटीत घरी यायचो. एका दिवाळीला पँट शिवायला गेलो, तर मामांनी टेप लावली, जुनी वही काढली आणि ते गप्प झाले. मामा गप्प झालेले मी पहिल्यांदाच पाहिले. मग म्हणाले, "जावईबापू, वजन तेवढंच आहे म्हणता. मंग कमरेचे हे चार इंच आले कुठून? हातपाय वाळून राह्यले अन् पोट वाढून राह्यलं. उद्या रक्त तपासा. बिलकुल टाळू नका." साखर निघाली, चांगली दणदणीत. डॉक्टरांनी सांगितलं की आपल्याकडे वजन बेताचं असलं तरी साखर वाढते, म्हणून आपल्या लोकांसाठी वजनाची आणि कमरेची मर्यादा कमीच धरावी लागते. म्हणजे मामांचं शंभर टक्के खरं होतं. त्यानंतर मस्तगडात असा माणूस उरला नाही, ज्याला मामांनी ही हकीकत ऐकवली नाही.

माझ्याबरोबर मी त्यांचंही रक्त तपासून घेतलं होतं. त्यांची साखर माझ्या दुप्पट निघाली. मी मुकाट गोळ्या सुरू केल्या. मामांनी मात्र गोळीची पट्टी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "हिचं माप कोणावर घेतलं? सायबाच्या रक्तावर बेतलेली गोळी माझ्या रक्तात एक तर सैल व्हणार, न्हाई तर तंग." पट्टी त्यांनी बटणांच्या डब्यात टाकली. मी पोट धरून हसलो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात हा किस्सा रंगवून सांगितला. बायको हसली नाही. ती म्हणाली, "तुमचं ऐकतात ते. जरा दमात घ्या त्यांना." पण आमच्याकडे भाचेजावई मानाचा. मी दुकानात पाऊल टाकलं की मामा मशीन थांबवून उठत, वाकून माझ्या पायांना हात लावत आणि चहा सांगत. ज्यांनी आत्ताच आपल्या पायांना हात लावला, त्यांना कुठल्या तोंडानं दमात घेणार? मी चहा प्यायचो, "मामा, गोळ्यांचं बघा जरा" असं पुटपुटायचो आणि परत यायचो. अशी तीन वर्षं गेली.

मामा मशीन अनवाणी चालवत. चप्पल घातली की टाका कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मशीनखाली तुटक्या सुया पडायच्याच. एक दिवस मी दुकानात असतानाच गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पायजम्यावर लाल डाग दिसला, तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. तळपायात अर्धी सुई रुतली होती. कधी रुतली ते त्यांना सांगता येईना. कापडातला पाव इंचाचा फरक बोटांनी ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या पायातलं लोखंड कळलं नव्हतं. साखरेनं पायाची जाणीवच मेली होती. मामांनी हळद दाबली आणि घरात कोणाला सांगू नका म्हणून मलाच शपथ घातली. मी दोन दिवस ती पाळली. तिसऱ्या दिवशी अंगठा काळा पडला, आणि आम्ही त्यांना गाडीत घालून संभाजीनगरला नेलं.

ऑपरेशनच्या सकाळी सर्जनने गुडघ्याखाली पेनाने एक रेघ ओढली. मामा उशीवरून मान उचलून ती रेघ बघत राहिले. "डॉक्टरसाहेब, दोन बोटं खाली न्हाई का जमणार?" त्यांनी विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले, खालचं सगळं सडलंय म्हणाले. मामांनी रेघेवर बोट फिरवलं. "मंग सरळ कापा," ते म्हणाले. मी व्हरांड्यात जाऊन रडलो.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ताप चढला होता, पण ते शुद्धीवर होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "जावईबापू, तुम्हाला गोळी लागू पडली ना, मला तवाच समजलं होतं. तुमचं अंग अन् माझं अंग काही निराळं न्हाई. तुम्हाला बसली, ती मलाबी बसली असती. पण तोवर ही गोळी आपल्या मापाची न्हाई, असं अख्ख्या मस्तगडाला सांगून बसल्तो. मंग घ्यायची कशी?" मी त्यांच्या कपाळावरची ओली घडी बदलली. जरा वेळानं ते म्हणाले, "तुम्ही एकदाबी माझ्यावर रागावले न्हाई. मी वाट पाहून राह्यलो होतो. भाचेजावई लई रागावला, म्हणून घेतली, असं लोकांना सांगता आलं असतं."

हे बोलताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मी त्यांचा हात धरून बसलो. त्या हाताला सुईने पडलेले घट्टे होते आणि तो तापाने फणफणत होता. विष रक्तात भिनलं होतं. पुढच्या आठवड्यात मामा गेले. माझा त्यांच्यावर फार जीव होता, आणि मी त्यांच्यावर एकदाही रागावलो नाही.