एमबीएवाल्यांनी तलाव स्वच्छ केला

शाश्वत विकासाची उद्दिष्टं आमच्या एमबीएच्या अभ्यासक्रमात ‘मिसळायची’ असं बैठकीत ठरलं. मी त्या दिवशी रजेवर होतो, म्हणून मिसळायचं काम माझ्याकडे आलं. जुलैतल्या एका शनिवारी बावीस विद्यार्थी घेऊन नागपूरहून साकोलीकडचा एक तलाव बघायला निघालो.

जाणार असाल तर सहाच्या आत निघा. साकोलीपर्यंत हमरस्ता उत्तम. भंडाऱ्यात तर्री-पोहे खाऊन घ्या. तीसेक रुपयांत विद्यार्थी तासभर गप्प बसतात. पुढे एकोडीच्या बाजूला रस्ता अरुंद होतो, आणि दोन्हीकडे धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, रोवणीला वाकलेल्या बाया दिसतात.

आम्हाला बघायचा होता तो गावतलाव बायकांच्या बचत गटानं मासोळीसाठी घेतलेला. गटाच्या अध्यक्ष कौसल्याबाई रोवणीवरून दहाला येणार होत्या. आम्ही साडेआठलाच पोचलो. वाट पाहणं आमच्या अभ्यासक्रमात नाही. विद्यार्थ्यांच्या गटप्रमुखानं, रोहननं, काठच्या पाण्यातलं गवत पाहिलं. ‘सर, श्रमदान करू?’ मी हो म्हणालो. इथं लिहून ठेवतो, कारण अहवालात ते नाही.

दीड तासात काठ चकाचक. आधीचा फोटो, नंतरचा फोटो.

कौसल्याबाई आल्या. उपटलेल्या गवताच्या ढिगातून एक रोप उचललं.

‘काहून उपटलं जी हे?’

‘काकू, कचरा होता,’ रोहन म्हणाला.

‘कचरा? गुडघाभर चिखलात एकेक रोप लावलं आमी. मासोळी यातच अंडी घालते. आता पाणी चढून राहिलं. कुठं घालन अंडी? तुमच्या फोटोत?’

मी माफी मागितली.

‘माफी पाण्यात रुजते काय, मास्तर? पँट वर करा.’

ढिगातली धड मुळांची रोपं निवडून आम्ही चारपर्यंत लावत होतो. मध्ये त्यांनीच भात आणि सुक्या झिंग्यांची चटणी वाढली. रोहन तरातरा पुढे निघाला, तर ओरडल्या, ‘मागं मागं सरक, बाबू! पुढं गेला का लावलेलंच तुडवशीन.’ नेतृत्वगुणांचं प्रमाणपत्र असलेला मुलगा मुकाट्यानं मागे सरकू लागला.

‘जगेल का हो? पोरांचे गुण त्यावरच देईन,’ मी निघताना म्हणालो.

‘पंधरा दिवसांनी सांगतो.’

परत आल्यावर संस्थेनं नंतरचा फोटो माहितीपत्रकावर छापला. स्वच्छ काठ, खाली ‘निसर्गाशी नातं’. मी गुण रोखून धरले. संचालकांनी दोनदा कारण विचारलं. मी दोनदा ‘मूल्यमापन सुरू आहे’ म्हणालो. बुटांतला चिखल निघाला होता, पण फोन वाजला की दचकायचो.

सोळाव्या दिवशी कौसल्याबाईंचा फोन आला.

‘अर्ध्याच्या वर जगलं, मास्तर. पोराइले पास करा. तुमचं काय करायचं, ते गटाच्या बैठकीत ठरवतो.’