बायकोने ओळखलेली धून

मंडळी, आज माझा नुसता जळफळाट होतोय.

दुपारी बोरिवलीला दशावतार बघायला गेलो होतो. राक्षसाची एन्ट्री झाली, पेटीवर धून वाजली. मी मोबाईलवर शूटिंग करण्यात मग्न. बाजूला बायको ओरडली, "अरे, ही तर तुझ्या त्या जुन्या अंतराळयानाच्या सिरियलची धून!"

'हे आपल्या सिरियलमधून उचललंय' असं या फॅन ग्रुपवर नेहमी शोधून सांगतो कोण? मी! ही तर दर एपिसोडला माझ्या बाजूला घोरायची.

नाटक संपल्यावर पेटीवाले काका खूश होऊन तिला म्हणाले, "वयनी, इतक्या वर्सांत ह्यां तुमीच पयल्यांदा वळाखलात!" मला त्या दोघांचा फोटो काढायला लावला.

रिक्षात बायकोला विचारलं, "तू तर झोपायचीस ना?" तर म्हणते, "डोळे मिटलेले असायचे रे, कान नाही."

खरं सांगा, इतकी वर्षं मी नुसता बघतच बसलो होतो का?