वहिनीचा नेम

चारकोपला आम्ही राहायला आलो तेव्हा सेक्टरमधली बरीच घरं अजून रिकामी होती. आमच्या घराची पुढची खोली आणि स्वयंपाकघर एका रेषेत होतं. दादाने हे पहिल्याच दिवशी हेरलं आणि कारखान्यातल्या मित्राकडून त्याची जुनी एअरगन घेऊन आला. रविवारी आई बाजाराला गेली की आम्ही दाराला आतून कडी लावायचो. मागच्या भिंतीशी रद्दी ठासून भरलेला लाकडी खोका ठेवायचा आणि त्यावर कागद टाचायचा. हे कागद मी तयार करायचे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कंपासने वर्तुळं काढायची, मधलं शाईने काळं करायचं.

शिकवताना दादा फार कडक होता. खांदा हलला की टपली मारायचा. छर्रा बाहेरच्या वर्तुळात गेला तर काही बोलायचा नाही, नुसता बंदूक काढून घ्यायचा. मधोमध लागला तर 'हं' म्हणायचा. त्या 'हं'साठी मी आठवडाभर वाट बघायचे. वडील गेल्यापासून तो माझ्यासोबत एवढा वेळ फक्त रविवारीच असायचा.

मग त्याचं लग्न झालं. वहिनी मालवणकडची. पहिल्या रविवारी ती चहाचे कप घेऊन आली आणि दारातच थांबली. दादाने बंदूक तिच्या हातात दिली. तिचा पहिला छर्रा खोका सोडून भिंतीत घुसला, चुना खाली पडला. मला वाटलं, आता बसणार टपली. दादा हसला. तिच्या मागे उभा राहून त्याने तिची कोपरं नीट केली आणि परत मार म्हणाला. मी कप उचलून मोरीत नेले आणि उगाच दोनदा घासले.

वहिनी भराभर शिकली, हे जास्त वाईट झालं. एकदा तिने काळ्याच्या आत छर्रे एकाला एक लागून मारले. दादाने तो कागद काढून कपाटाच्या दारावर चिकटवला. मी किती कागद फोडले असतील, सगळे रद्दीत गेले होते. कपाट उघडताना मी त्या कागदाकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं, आणि दर वेळी बघायचे. तिला कानातले घेतले, पिक्चरला नेलं, त्याचं मला काही वाटलं नाही. बंदूक मात्र आमची होती.

त्या हिवाळ्यात बोरिवलीच्या एका मंडळाने नेमबाजीची स्पर्धा ठेवली. दादाने वहिनीचं नाव दिलं. मी विचारलं, तर म्हणाला, तुझा अभ्यास आहे ना. वहिनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ती नसेल तर मीही जाणार नाही. मला तिचा उपकार नको होता. तरी गेले.

मैदानात तंबू ठोकला होता, बायका मोजक्याच होत्या. त्या दिवशी माझा हात दगडासारखा स्थिर होता, रागामुळेच असेल. मी पहिली आले, वहिनी तिसरी. कागद हातात घेऊन मी दादाकडे वळले, तर तो तिला सांगत होता की वाऱ्यामुळे झालं असेल. तंबूत वारा कुठला?

परतताना दादा पान घ्यायला थांबला. मी वहिनीशी बोलत नव्हते. ती एकदम मालवणीत म्हणाली, "खूश हस मा? आता तरी माका सोडतले."

मी विचारलं, कोण?

"तुझो दादा. रोज तुझाच नाव. तिचो खांदो बघ, ती श्वास कसो धरता बघ. माझे कान किटले गो."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. खरं सांगायचं तर मला आधी तिची दया आली नाही, आधी बरं वाटलं. इतके महिने जे मला जाळत होतं, तेच तिलाही जाळत होतं.

"माझ्यासमोर कधी म्हणाला नाही," मी म्हटलं.

"माझ्यासमोर माका तरी बरा खय म्हणतत?"

दादा पान चघळत आला आणि आम्ही गप्प का, असं त्याने विचारलं. आम्ही दोघी पुढे चालू लागलो.

पुढच्या रविवारी त्याने बंदूक काढली तेव्हा वहिनीने ती त्याच्या हातातून घेऊन सरळ माझ्याकडे दिली. त्या दिवसापासून कागद बदलायचं काम दादाकडे आलं. आमची चुरस काही संपली नाही. तिचा नेम माझ्याहून चांगला बसला की आजही पोटात दुखल्यासारखं होतं. पण आता ते मी तिला तोंडावर सांगते, आणि ती पुढचा छर्रा भरते.