मामाचा कान

माझ्या मामाला सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. गाडी गॅरेजच्या फाटकातून आत येतानाच तो सांगायचा, "तिसऱ्या सिलिंडरचा प्लग गेलाय," आणि बाबा बॉनेट उघडून बघायचे, तर नेमका तोच गेलेला. गॅरेज दोघा मेहुण्यांचं. कान मामाचा, हात बाबांचे.

त्या हातांपैकी उजव्याची दोन बोटं सहा वर्षांपूर्वी गेली. एक हायब्रिड गाडी आली होती, इंजिन तापतं अशी तक्रार घेऊन. पाण्याच्या पंपाच्या पट्ट्यात बोटं अडकली. बाबांनी दवाखान्यात आणि घरी एकच सांगितलं, "मीच वेंधळा. न विचारता हात घातला." आईने वर्षभर त्यांच्या वेंधळेपणाचा उद्धार केला. मीही त्यात माझी भर घातली. मामा खाली मान घालून जेवायचा, आणि आम्हाला वाटायचं, किती जीव आहे याचा भाऊजींवर.

त्यानंतर मामाने ध्यास घेतल्यासारखा हायब्रिडचा अभ्यास केला. आता दर रविवारी सकाळी तो इतर गॅरेजांतल्या मेकॅनिकांना फुकट शिकवतो. परवा मीही जाऊन बसले. बाबा मागच्या बाकावर चहा घेत होते.

"माइल्ड हायब्रिडची मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते," मामा सांगत होता. "एकटीने गाडी ओढणं तिला झेपत नाही. फुल हायब्रिड थोडं अंतर निव्वळ बॅटरीवर जाते. तिची बॅटरी इंजिन भरतं, ब्रेक दाबला की चाकंही भरतात, चार्जर लागत नाही. प्लग-इनची बॅटरी मोठी, ती घरी चार्जर लावून भरायची. न भरता फिरवलीत तर नुसतं ओझं वाहताय. पण तिघींची खोड एकच. आवाज नाही म्हणजे गाडी बंद आहे असं नाही. समोर डॅशबोर्डवर हिरवा दिवा असेल, तर इंजिन मनात येईल तेव्हा सुरू होतं. आधी दिवा बघा. गाडी बंद करा. चावी लांब नेऊन ठेवा. मग हात घाला."

"एवढं कोण विसरतं?" पुढे बसलेला एक मेकॅनिक हसून म्हणाला.

मामा हातातलं फडकं पिळत राहिला. "मी," तो म्हणाला. "मी दिवा बघितलाच नाही. कान लावला, आवाज नव्हता. भाऊजींना म्हणालो, बंद आहे, घाला हात. नंतर त्यांनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. बहीण त्यांना बोलायची, मी तिथेच बसून जेवायचो. लाज वाटते मला."

मला मामाचा भयंकर राग आला. मग आठवलं, बाबांना वेंधळे म्हणताना मी किती हसायचे, आणि त्या रागाला तोंड उरलं नाही.

बाबांनी उरलेल्या बोटांनी कप बाकावर ठेवला.

"दिवा मला दिसला होता रे," ते म्हणाले. "हिरवा होता."

"मग हात का घातलात, भाऊजी?"

"तू बंद म्हणालास ना."