पार्लरमधलं केंद्र

सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची, पण खरा दीर एकच होता. पेंटर. परांचीवरून पडून त्याचा मणका दुखावला, दवाखान्यातून दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या, आणि दुखणं गेलं तरी गोळ्या काही सुटल्या नाहीत. पुढे गोळ्यांची जागा सुईने घेतली. नवरा गेल्यापासून वहिनीला घरचं म्हणावं असं हेच एक माणूस. ती चिडायची, रडायची, शपथा घालायची. उपयोग शून्य.

मग तिच्या पार्लरशेजारच्या खोलीत सरकारी पैशावर एक केंद्र निघालं. तिथे स्वच्छ सुया मिळत, वापरलेल्या परत घेत, आणि सिस्टर रोज सकाळी समोर बसवून जिभेखाली ठेवायची गोळी देत. त्या गोळीने नशेची तलफ आवरते. दीर हळूहळू सुई सोडून त्या गोळीवर आला. दोन घास जेवायला लागला, तसा वहिनीच्या जिवात जीव आला.

आणि अनुदान अडकलं! नशेबाजांचे लाड कशाला, असं नगरपालिकेत काहींचं म्हणणं. भाडं थकलं, घरमालकाने कुलूप ठोकलं. सिस्टर औषधांची पेटी कवटाळून रस्त्यावर उभ्या.

"आत या," वहिनी म्हणाली. "खुर्च्या दोन आहेत. एक तुमची."

केंद्राच्या डॉक्टरांनीही होकार दिला. मग रोज सकाळी एका खुर्चीत केस कापले जात आणि दुसरीत गोळी दिली जाई. गिऱ्हाइकं कुरकुरली. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई केसांना डाय लावून बसल्या होत्या, त्या नाक मुरडून म्हणाल्या, "वहिनी, ही काय धर्मशाळा मांडलीस?"

तेवढ्यात गोळीसाठी पायरीवर बसलेली एक मुलगी कलंडली. ओठ निळे, श्वास थांबलेला. सिस्टर नेमक्या औषधं आणायला गेलेल्या. पण सिस्टरनी शिकवलेलं वहिनीच्या हातांना आठवलं. तिने खणातून जादा नशेवरच्या उताऱ्याचा फवारा काढून मुलीच्या नाकात मारला.

"बाई, अँब्युलन्सला फोन करा! आणि हिचं डोकं धरा!"

बाईंनी फोन केला आणि तशीच जमिनीवर बसकण मारली. वहिनी तोंडाने श्वास देत राहिली. शेवटी मुलगी खोकली. डोळे किलकिले करून बाईंकडे बघत पुटपुटली, "तुमच्या कपाळावरून काळं काय ओघळतंय?"

बाई हसायला गेल्या आणि रडूच फुटलं.

अनुदानाचा विषय निघणार होता त्या नगरपालिकेच्या सभेला वहिनीच्या आधी बाईच तयार होऊन उभ्या. एक सभासद म्हणाले, "पण सुया वाटून नशा सुटते का?"

"सुटायला आधी माणूस जिवंत तर राहू दे!" बाई वर्गात ओरडायच्या तशा ओरडल्या.

वहिनीने खूप काही ठरवून आणलं होतं. ऐन वेळी एवढंच म्हणाली, "माझा दीर... आज कामावर गेलाय, साहेब."

अनुदान मंजूर झालं, काही हात कुरकुरत वर गेले, पण गेले.

बाहेर येऊन तिने दिराला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. मग त्याचाच आला.

"अगं वहिनी, दोन्ही हात रंगात होते! काय झालं?"

"काही नाही. केंद्र उघडतंय. वेळेवर जेव."

कुलूप निघालं, सिस्टर आपली पेटी घेऊन शेजारी गेल्या. त्या दुपारी वहिनीने पार्लरचं दार लोटलं, रिकाम्या झालेल्या खुर्चीत अंग टाकलं आणि घोरत झोपली.