‘बारमाही’ लिहिलेलं टाकं

राजगडाच्या वाटेवर धनगरवाड्यामागचं टाकं चैत्रात ठणठणीत कोरडं पडतं. आज सकाळी वाड्यावरच्या ठकूबाईंनी मला तिथे नेऊन ते दाखवलं.

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर मी एरवी दुसऱ्यांच्या पुस्तकांविषयी लिहितो. आज माझ्याच पुस्तकाविषयी लिहावं लागतंय. ‘भोर-वेल्ह्याची भटकंती’ या पुस्तकात मी या टाक्याचं पाणी ‘बारमाही’ म्हटलंय. मी ते मार्गशीर्षात काठोकाठ भरलेलं पाहिलं होतं. ‘बारमाही’ हा शब्द घरी बसून घातला, कुणाला विचारलं नाही.

काल पुण्याचे दोन विद्यार्थी त्या शब्दाच्या भरवशावर पाणी न घेता चढले. एकाला भोवळ आली. ठकूबाईंनी नदीवरून आणलेली एकुलती एक घागर त्यांच्यापुढे ठेवली. शेरडं तहानलेलीच राहिली.

“तुमीच लिवलंय व्हय?” त्या मला म्हणाल्या. “बरं झालं. आता शेरडांस्नी बी पुस्तकच दावते.”

मी माफी मागितली.

“माझं ऱ्हाऊ द्या. ऐतवारी त्या पोरांचं आनखी आठ सोबती येणार हायती म्हनं. त्यास्नी कोन सांगणार?”

त्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर मी कार्ड टाकलंय, पण ते वेळेत पोचेल याची खात्री नाही. उद्या कुणी मोटारीने पुण्याला जातंय का? वसतिगृहाच्या पत्त्यासह चिठ्ठी फळ्याखाली ठेवली आहे.

रविवारी सकाळी मी दोन घागरी भरून टाक्यापाशी बसणार आहे. तिथे कुणीच येऊ नये, एवढीच इच्छा आहे.